ताराबाई आणि चांदण्यांचा तक्ता

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या फ्रिजच्या दारावर सात आठवडे एक तक्ता लावलेला होता. पांढऱ्या कार्डशीटवर निळ्या स्केचपेननं आखलेले रकाने, वर आठवड्याचे वार, डावीकडे कामांची यादी. दात घासणं, दूध संपवणं, अभ्यास, भांडण न करणं, अंथरूण कोरडं राहणं अशा एकेका गोष्टीला एकेक सोनेरी चांदणी. दहा चांदण्या झाल्या की आइस्क्रीम, पंचवीस झाल्या की खेळणं. तक्ता मीच आखला होता. तीस वर्षं बालवाडीत काढलेल्या बाईनं. ज्या वर्गात मी बालवाडीचं प्रशिक्षण घेतलं, त्याच्या भिंतीवर ताराबाई मोडकांचा फोटो होता. त्या फोटोखाली बसून मी जे शिकले, नेमकं त्याच्या उलट मी माझ्याच स्वयंपाकघरात करत होते. म्हणून ही हकीगत सांगायला संकोच वाटतो. पण हल्ली असे तक्ते घरोघरी दिसतात, तेव्हा सांगितलेली बरी.

आम्ही पिंपरीच्या संत तुकाराम नगरात राहतो. यशवंतराव चव्हाण रुग्णालय आणि वल्लभनगरचं एसटी स्थानक यांच्या मधला हा भाग. यजमान कारखान्यात टर्नर होते. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी यांच्या तालावरच आमचं आयुष्य गेलं. ते निवृत्त झाले, घर शांत झालं, आणि गेल्या मे महिन्यात आमची मुलगी दोन मुलांना घेऊन परत आली. सुट्टीला नव्हे, कायमची. नात आठ वर्षांची, नातू पाच वर्षांचा. कोणाचं चुकलं हा या लेखाचा विषय नाही. मुलीनं चाकणच्या एका कंपनीत नोकरी धरली. कंपनीची बस नाशिक फाट्याहून जाते. कोर्टाची तारीख असली की ती इथूनच मेट्रोत बसते आणि शिवाजीनगरला उतरते. महिन्यातल्या दोन शनिवारी मुलांचे बाबा येऊन त्यांना दिवसभरासाठी घेऊन जातात, संध्याकाळी आणून सोडतात.

मोठ्यांचं बिनसलं की ते बोलून तरी दाखवतात. मुलांचं वागणं बोलतं. नातवाचं दीड-दोन वर्षांपूर्वी सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं. नात आधी चिडकी झाली, वह्या फाडू लागली, भावाला चिमटे काढू लागली. मुलगी दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा यायची आणि सकाळी उठून माझ्याकडून तक्रारी ऐकायची. शेवटी शेजारच्या वहिनींनी उपाय सांगितला. त्यांच्या नातवाच्या शाळेत असाच तक्ता होता. मी स्टेशनरीच्या दुकानातून चांदण्यांची दोन पाकिटं आणली.

आणि खरं सांगायचं तर तक्ता लागू पडला. पहिल्या आठवड्यातच दुधाचे पेले रिकामे व्हायला लागले, दप्तरं जागेवर जायला लागली. बक्षिसाचा मोह असा की तो चालतो, निदान सुरुवातीला तरी. चालला नसता तर दोन दिवसांत आपण तो सोडून दिला असता. तिसऱ्या आठवड्यात नातवानं भाव ठरवायला सुरुवात केली. चपला नीट ठेवल्या तर किती? आजोबांचा चष्मा आणून दिला तर किती? पूर्वी जो चष्मा तो हाक मारताच पळत जाऊन आणायचा, त्याला आता दर लागला. आम्ही हसलो. मग मी आणखी एक ओळ वाढवली. बाबा सोडून गेल्यावर शनिवारी संध्याकाळी दोघं दारात बसून रडायची, रात्री कोणी जेवायचं नाही. मी लिहिलं, शनिवारी रडायचं नाही. त्याला दोन चांदण्या.

त्या शनिवारी नात खरोखर रडली नाही. बाबांना हात केला, आत आली, मुकाट्यानं जेवली. मी तिच्या रकान्यात दोन चांदण्या चिकटवल्या आणि मनात म्हटलं, जमलं. रविवारी पहाटे मी चहाला उठले, तर ती फ्रिजपुढे उभी. नखानं हळूहळू त्याच दोन चांदण्या खरवडून काढत होती. का म्हणून विचारलं, तर आधी बोलेना. मग म्हणाली की रात्री ती मोरीत गेली होती, नळ सोडून रडली होती, म्हणजे कोणाला ऐकू जाऊ नये. मग या चांदण्या खोट्या झाल्या ना, असं तिचं म्हणणं. मी कपाळावर हात मारून घेतला. आठ वर्षांच्या पोरीला बापाची आठवण येणं हा गुन्हा वाटावा आणि तिनं स्वतःच त्याचा दंड भरावा, हे मी शिकवलं होतं. तेही आइस्क्रीमचं आमिष दाखवून.

त्या दिवशी मला भिंतीवरचा तो फोटो आठवला. काठाचं साधं लुगडं, थेट बघणारे डोळे. प्रशिक्षणात आम्हाला ताराबाईंची पद्धत शिकवली गेली. साधनं, गाणी, हातकामं यांच्या वह्याच्या वह्या भरल्या. पण त्यांचं आयुष्य मी एखाद्या सनावळीसारखं पाठ केलं होतं. आता ते पुन्हा वाचायला घेतलं, आणि मोडलेल्या घरातून आलेल्या मुलांची आजी म्हणून वाचलं, तेव्हा त्यात वेगळंच दिसलं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२चा, मुंबईतला. वडील सदाशिवराव केळकर, आई उमाबाई. घर प्रार्थना समाजाचं, म्हणजे त्या काळाच्या मानानं पुढारलेलं. मुलीनं शिकावं हे त्या घरात गृहीत होतं. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या वेळी पदवीधर मराठी बाया शोधूनच काढाव्या लागत. अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचं लग्न झालं आणि त्या वऱ्हाडात गेल्या. हुशार, शिकलेली, वकिलाची पत्नी असं सगळं वरकरणी छान होतं. पण ते टिकलं नाही. १९२१ साली त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. पदरात लहानगी मुलगी.

आज आमच्या मुलीला निदान कोर्टाची तारीख मिळते, मुलांनी कोणाला कधी भेटायचं ते लिहून मिळतं. १९२१ साली हिंदू विवाह कायदा यायला अजून ३४ वर्षं होती. नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई म्हणजे समाजाच्या लेखी प्रश्नचिन्ह आणि तिचं मूल म्हणजे दयेचा विषय. अशा वेळी ताराबाईंनी राजकोटच्या महिला ट्रेनिंग कॉलेजचं प्रमुखपद घेतलं. भाषा परकी, गाव परकं. पण नोकरी मानाची आणि स्थिर होती. दुसरी कोणी असती तर तिथेच थांबली असती, आणि कोणी नाव ठेवलं नसतं.

त्या थांबल्या नाहीत, याचं कारण भावनगर. तिथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ लहान मुलांची शाळा चालवत होते. गिजुभाईही मूळचे वकील. तरुणपणी पूर्व आफ्रिकेत जाऊन आलेले. १९१३ साली मुलगा झाला आणि त्याला कोणत्या शाळेत घालायचं या प्रश्नानं ते शिक्षणाकडे वळले. छडी आणि घोकंपट्टी यांच्या हवाली मूल करायचं नाही, या हट्टातून १९२० साली त्यांचं बालमंदिर उभं राहिलं. मोठ्या मिशांचा हा माणूस मुलांवर इतकी माया करी, की लोक त्यांना मिशांवाली आई म्हणत. १९२३ साली ताराबाई राजकोटची नोकरी सोडून त्यांच्याबरोबर काम करायला भावनगरला गेल्या.

त्या बालमंदिरात शिक्षा नव्हती, हे सगळे सांगतात. पण तिथे बक्षीसही नव्हतं, हे आपण विसरतो. गिजुभाई भय आणि लालूच या दोन्हींना एकाच माळेचे मणी मानत. छडीनं मूल तुमच्याकडे बघून वागतं, आणि खाऊनंही ते तुमच्याकडेच बघून वागतं. दोन्हीकडे त्याची नजर कामावर नसते, देणाऱ्याच्या हातावर असते. छडी वाईट हे आपल्याला पटलं. खाऊचं मात्र आपल्याला अजून पटलेलं नाही, कारण खाऊ देताना आपल्यालाच बरं वाटतं.

हा विचार गिजुभाई आणि ताराबाईंनी मारिया मॉन्टेसरी या इटालियन डॉक्टरबाईंकडून घेतला होता. त्यांची पहिली शाळा ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सॅन लोरेन्झो या कामगारवस्तीत उघडली. तिची कथा आमच्या वस्तीतल्या माणसाला ऐकण्यासारखी आहे. आईबाप कामावर गेले की पोरं जिन्यांवर हुंदडत आणि नव्या रंगवलेल्या भिंती खराब करत. म्हणून इमारतींच्या मालकांनी मुलांना एका खोलीत सांभाळायची सोय केली आणि ती मॉन्टेसरीबाईंकडे सोपवली. म्हणजे जगप्रसिद्ध झालेल्या या पद्धतीची सुरुवात पोरांनी नीट वागावं एवढ्याच मागणीतून झाली. सुरुवातीला त्या शाळेतही बक्षिसं होती. एकदा बाईंनी पाहिलं, की एक मुलगा गळ्यात बक्षिसाचा चकचकीत क्रूस घालून कामात गुंतला आहे आणि शिक्षा झालेला दुसरा मुलगा खोलीच्या मध्यभागी खुर्चीत नुसता बसून आहे. येता-जाता क्रूस खाली पडला. बसलेल्या मुलानं तो उचलून दाखवला. कामातल्या मुलाला त्याचं काहीच नव्हतं, तूच घाल म्हणून तो निघून गेला. शिक्षा झालेला मुलगा मात्र तो गळ्यात घालून समाधानानं बसला. बाईंनी यातून जाणलं की काम मिळालेल्या मुलाला बक्षीस लागत नाही. बक्षीस लागतं ते ज्याच्या हाताला काही नाही त्याला. पुढे त्यांनी दोन्ही प्रथा बंद केल्या. या बाईंचा स्वतःचा मुलगाही लहानपणी त्यांच्यापासून दूर, दुसऱ्या कुटुंबात वाढला होता, हेही इथे ध्यानात ठेवावं. मुलांवर इतका विचार करणाऱ्या या मंडळींपैकी सगळ्यांचीच घरं सरळ रेषेत चाललेली नव्हती.

ताराबाई आणि गिजुभाईंनी हे सगळं जसंच्या तसं उचललं नाही. परदेशी साधनं महाग, ती आपल्या गावांना परवडणारी नव्हती. त्यांनी ती इथल्या सुताराकडून, इथल्या वस्तूंतून करवून घेतली. त्यात आपली गाणी, गोष्टी, नाटुकली, सण घातले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षण पत्रिकेची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली आणि बालशिक्षण ही गोष्ट मराठी आईबापांच्या घरात पोचवली. पुढे त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं. १९३९ साली गिजुभाई गेले. त्याच वर्षी मॉन्टेसरीबाई हिंदुस्थानात आल्या. गिजुभाईंच्या माघारी संघाचा भार ताराबाईंच्या खांद्यावर आला.

दादरचं शिशुविहार चांगलं चाललं होतं. पन्नाशी उलटली होती, नाव झालं होतं. पण ताराबाईंना एक गोष्ट खात होती. ज्या पद्धतीचा जन्म रोमच्या कामगारवस्तीत झाला, ती आपल्याकडे खात्यापित्या घरांतल्या मुलांची मिरवायची वस्तू झाली होती. १९४५ साली त्यांनी मुंबई सोडली आणि डहाणूजवळच्या बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. याच सुमारास त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा सुरूच न झालेला. या दोघींनी मिळून हजारो मुलांना आधार दिला.

बोर्डीत शाळा उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुलं येईनात. दलित वस्तीतली पोरं उंबऱ्यापर्यंतही येत नव्हती. आज आपण काय केलं असतं? येणाऱ्याला खडीसाखर, महिनाभर येणाऱ्याला पाटी. ताराबाईंनी उलटं केलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे जाईल. शिक्षिका साधनांची पिशवी घेऊन वस्तीत गेल्या आणि कोणाच्या तरी अंगणात बसल्या. आधी मुलांना आंघोळ, मग केस विंचरणं, नखं कापणं, मग गाणी आणि खेळ. अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी. हा शब्द आज देशभर चालतो, त्याचं मूळ हे आहे.

या आंघोळीपाशी मला फार वेळ थांबावंसं वाटतं. स्वच्छ येशील तर आत घेईन, ही अट झाली. स्वच्छ येशील तर चांदणी देईन, हे आमिष झालं. ताराबाईंनी यातलं काहीच केलं नाही. बादली भरली आणि मुलाला आंघोळ घातली. त्यासाठी मुलाला काही कमवावं लागलं नाही. गरज ही बक्षीस म्हणून द्यायची नसते, ती आधी भागवायची असते. वागणं मागून येतं.

१९५७च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. त्या मुलखाची पार्श्वभूमी विसरू नये. १९४५ साली डहाणू आणि उंबरगाव भागातल्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या पुढारीपणाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा दिला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसं जन्मभर गडी म्हणून राबत, मार खात. मोठ्यांनाच ज्यांनी कधी भय आणि लालूच यांखेरीज दुसरी भाषा ऐकवली नाही, त्या मुलखात ताराबाई दोन्हींशिवाय शाळा चालवायला निघाल्या.

इथेही मुलं येईनात. कारण शोधलं तर मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड असे, आणि जरा मोठ्या मुलाच्या मागे गुरं. ही मुलं वाईट वागत नव्हती, ती घर चालवत होती. मग ताराबाई आणि अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. बहीण वर्गात, भाऊ शेजारच्या पाळण्यात. त्याला विकासवाडी म्हणत. गुराख्यांसाठी शाळाच कुरणावर भरवली. हजेरीचं बक्षीस लावलं असतं तर कदाचित चार दिवस पट वाढला असता, पण भावंड कोणी सांभाळलं असतं? मूल अमुक का करत नाही, याचं उत्तर बहुधा मुलाच्या स्वभावात नसतं, त्याच्या कडेवर असतं. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव गेली. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. तिथे मुलाला खाऊ मिळतो तो शहाण्यासारखं वागल्याबद्दल नव्हे, भूक लागते म्हणून.

योगायोग असा, की ताराबाई गेल्या त्याच वर्षी, १९७३ साली, अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत त्यांनी चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं, की चित्र काढलंस तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या निम्म्यानंच रंगांकडे वळली. अचानक कौतुक झालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. भावनगरला जे अनुभवानं ठरलं होतं, त्याला पन्नास वर्षांनी मोजमापाचा आधार मिळाला.

हे मी यजमानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की त्यात नवं काय, हे त्यांना लेथवर उभं राहून कळलं होतं. कारखान्यात उत्पादनावर इन्सेंटिव्ह असायचा. नगामागे पैसे असेपर्यंत हात झपाझप चालत. पण ज्या दिवशी दर बदले किंवा काम इन्सेंटिव्हमध्ये धरलं जात नसे, त्या दिवशी नॉर्मपुरतं काम करून माणसं हात पुसत. नग कसा झाला याच्याकडे नव्हे, किती झाले याच्याकडे लक्ष. त्यांचं म्हणणं असं, की कारखान्यात ते ठीक आहे, कारण तो कारखाना आपला नसतो. घरातल्या कामावर दर लावला की पोराला कळतं, हे घर आपलं नाही. आमच्या नातवंडांचं एक घर नुकतंच सुटलं होतं. दुसऱ्या घरात आल्या-आल्या मी त्यांना दरपत्रक दिलं होतं.

तक्ते सगळेच टाकाऊ असं मी म्हणणार नाही. बालवाडीच्या अनुभवानं सांगते, की एखादी लहान, मुलाच्या हातातली सवय, म्हणजे रात्री दात घासण्यासारखी, लावायची असेल तर दोन-तीन आठवडे तक्ता कामाला येतो. मग तो गुपचूप काढून घ्यावा. पण ज्या गोष्टी मुलाच्या हातात नाहीत, त्यांना चांदणी लावणं हा अन्याय आहे. अंथरूण ओलं होतं ते झोपेत, ठरवून नव्हे. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की घरात उलथापालथ झाली की सुटलेली सवय परत येते आणि धीरानं पुन्हा जाते. आणि दुःखाला तर तक्ता कधीच लावू नये. रडू न येण्याला बक्षीस ठेवलं तर रडू थांबत नाही, ते मोरीत जातं.

तक्ता आम्ही त्या रविवारीच उतरवला, दोघांच्या मदतीनं. चूक माझी होती हेही त्यांना सांगितलं. नातवानं जमलेल्या चांदण्यांच्या हिशेबाचा प्रश्न काढला, तेव्हा सगळ्यांनी मिळून आइस्क्रीम खाल्लं आणि खातं बंद केलं. मग ताराबाईंचा धडा गिरवला, मूल असं का वागतं ते आधी बघायचं. थोडं निरखल्यावर कळलं, की मुलांची अर्धी चिडचिड आज आई केव्हा येणार हे माहीत नसल्यामुळे होती. पाळी दर आठवड्याला बदलायची आणि आम्ही मोठे ते आपसात बोलायचो. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलगी महिन्याच्या सुरुवातीला स्वतः खुणा करते. पहिल्या पाळीला हिरवी, दुसरीला लाल, कोर्टाच्या दिवशी निळी, बाबांच्या शनिवारी पिवळी. अंथरुणाखाली रबरी चादर घातली आणि त्याविषयी बोलणं बंद केलं. नातवाच्या हाताला कामं दिली. मटार सोलणं, वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणं, आजोबांचा चष्मा. नात माझ्याबरोबर डब्याच्या पोळ्या लाटते. पहिले काही दिवस नातवानं दर विचारला, मग विसरला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. अंथरूण अजूनही अधूनमधून ओलं होतं. शनिवारी संध्याकाळी दोघं रडतात, पण आता माझ्या शेजारी बसून रडतात, आणि जेवण थोडं उशिरा होतं इतकंच. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवते आणि गप्प बसते. तीस वर्षं गाणी शिकवलेल्या बाईला गप्प बसणं सगळ्यात जड जातं.

उरलेलं चांदण्यांचं पाकीट फेकवेना. परवा नात ते घेऊन कॅलेंडरपुढे स्टुलावर चढली. आई ज्या ज्या रविवारी दिवसभर घरी असणार होती, त्या प्रत्येक तारखेवर तिनं एकेक चांदणी लावली. आणखी दोन शिल्लक होत्या. त्या तिनं बाबांच्या शनिवारांवर लावल्या, आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान हलवली आणि कणीक मळायला घेतली.